फायरवॉल नंतर घ्या, आधी बॅकअपची वायर काढा

तुम्ही विचारलंय की १८ कॉम्प्युटर आणि टॅलीचा एक सर्व्हर आहे, मालकांनी यंदा सिक्युरिटीला ६० हजार मंजूर केलेत, तर फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि ऑफिसच्या मध्ये बसणारी चाळणी, घेऊ की बाहेरून ऑडिट करून घेऊ. माझं मत, दोन्ही महिनाभर थांबवा आणि आधी बॅकअप बघा.

मी भोसरी-चाकणकडच्या छोट्या वर्कशॉपांचं नेटवर्क सांभाळते, १२ वर्षं झाली. अशाच एका ठिकाणाहून सोमवारी सकाळी फोन आला, मॅडम टॅली उघडत नाहीये. जाऊन बघते तर सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि स्क्रीनवर पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअप रोज रात्री आपोआप व्हायचा, पण एनएएसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर, आणि ते एनएएस सर्व्हरला झेड ड्राइव्ह म्हणून कायम जोडलेलं, त्यामुळे रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसने, तेही लॉक करून टाकलं. ते तसं जोडून मीच दिलं होतं. आठ महिन्यांपूर्वीची एक पेनड्राइव्हवरची कॉपी तेवढी सापडली, मधली सगळी बिलं अकाउंटंट ताईंनी कागदी फायली आणि जीएसटी पोर्टल बघून पुन्हा भरली, त्यांची दिवाळी त्यातच गेली आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आपण लहान आहोत म्हणून असं झालं असंही नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला, युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि मर्स्क या जहाज कंपनीचं काम ठप्प झालं, आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलसुद्धा. विंडोजमधली फट बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता, पण हा व्हायरस मशीनच्या मेमरीतून पासवर्ड काढून पुढच्या मशीनवर जायचा, म्हणून पॅच केलेलेही वाचले नाहीत. त्यांचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची लॉगिनं ठेवणारे सर्व्हर, एकमेकांची कॉपी ठेवत होते, तोच त्यांचा बॅकअप, आणि सगळे एकदम पुसले गेले. एक वाचला, घानामधला, कारण तिथे तेव्हा लाइट गेली होती! त्या एका कॉपीवरून लॉगिनं परत मिळाली आणि १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले.

तर तुमच्यासाठी, दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, आठवड्याला आलटून पालटून कॉपी घ्या, कॉपी झाली की वायर काढायची, एक ऑफिसच्या कपाटात आणि दुसरी मालकांच्या घरी. मग एका शनिवारी जुन्या पीसीवर टॅलीचा डेटा खरोखर रिस्टोर करा, घड्याळ लावून. पाच तास लागले तर मालकांना सांगा की आपली रिस्क म्हणजे निदान हे पाच तास आणि शेवटच्या कॉपीनंतरच्या सगळ्या एंट्र्या, मग ते चालेल का नाही ते त्यांनी ठरवायचं. चालत नसेल तर कॉपी रोज घ्या.

दुसरं, आजच राउटर उघडून पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आतल्या मशीनवर यायचे कोणते दरवाजे उघडे आहेत, ते बघा. घरून टॅली दिसावी म्हणून कोणीतरी रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवलेला असतो, मला हे इतक्या ठिकाणी सापडलंय, आणि वर सगळ्या १८ मशीनचा ॲडमिन पासवर्ड एकच. पोर्ट बंद करा, घरून यायला व्हीपीएन, म्हणजे पासवर्डने उघडणारा बंदिस्त रस्ता, लावा, पासवर्ड वेगवेगळे करा. याला पैसे जवळपास लागत नाहीत, एक रविवार जातो.

आणि सर्ट-इनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, २०२२ चा नियम माहीत असू द्या, असा हल्ला कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं, त्यांचा ईमेल आत्ताच कागदावर लिहून भिंतीला लावा कारण त्या दिवशी कॉम्प्युटर उघडणार नाही.

ऑडिटवाले आले की पहिल्यांदा बॅकअप रिस्टोर होतो का हेच विचारतील. शनिवारी रिस्टोर करून बघा आणि कुठे अडलं ते लिहा, मी बघते.