१९९४ च्या मियाटाला ट्रॅक डेसाठी आधी काय करावं, थेट कॉइलओव्हर टाकावेत का?

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीत १९९४ ची माझदा मियाटा घेतलीय, सस्पेन्शन सगळं कंपनीचंच आहे, मिलव्हिलच्या ट्रॅकवर वळणात गाडी लोळते आणि पुढून बाहेर सरकते, तर सरळ महागडे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब (शॉक अब्सॉर्बर) एकत्र असलेला, उंची बदलता येणारा संच, टाकू का. टाका, पण ते शेवटी. माझ्याकडेही हीच पिढी आहे, एनए, म्हणजे मियाटाची पहिली पिढी, आणि ह्या गाडीवर माझा फार जीव आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे लक्षात घ्या की ह्या गाडीची मूळ रचनाच उत्तम आहे. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आर्म आणि खाली एक, त्यामुळे गाडी कलली तरी टायर बऱ्यापैकी रस्त्याला सपाट राहतो. १९८९ साली एवढ्या स्वस्त गाडीत हे देणं मोठी गोष्ट होती. तेव्हा डिझाइन सुधारायच्या मागे लागू नका, तीस वर्षांत त्याचं जे झिजलंय ते आधी परत आणा.

झिजलेलं म्हणजे मुख्यतः बुश. आर्मच्या टोकाला रबरी बुश, म्हणजे सांध्यातल्या रबरी गाद्या, असतात, ते रबर आता कडक होऊन तडकलेलं असणार, आणि एकदा ते सैल झालं की जोरात ब्रेक मारला किंवा वळणात भार आला की चाकाची दिशा स्वतःहून थोडी बदलते, मग तुम्ही कितीही चांगले शॉकअब घाला, स्टिअरिंग भोंगळच लागणार. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा. खुळखुळ लागली तर बॉल जॉइंट (चाकाला आर्मशी जोडणारा गोळीचा सांधा) नाहीतर बेअरिंग झिजलंय. आर्मच्या बुशपाशी पहार घालून हलकेच रेटून बघा, रबर आतल्या नळीपासून सुटलेलं लगेच दिसतं. नवीन घालताना रबरीच घातले तरी चालतील, पॉलीयुरेथेन घातले तर ग्रीस भरपूर आणि अधूनमधून परत. आणि रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चारही चाकांवर उभी असताना, चाकं लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे भलेभले मेकॅनिक विसरतात.

तुमच्याकडे अजून एक भानगड असणार, मीठ. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते. खालच्या आर्मचे जे बोल्ट फिरवून कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल, उणे म्हणजे वरचा भाग आत) आणि टो (वरून बघताना चाक किती आत-बाहेर वळलंय) बदलतात ते बुशच्या आतल्या नळीत गंजून जाम होतात, म्हणून अलाइनमेंटची, म्हणजे चाकांचे कोन जुळवायची, वेळ घ्यायच्या आधी सगळे फिरतायत का बघा, गंज सोडवणारं तेल आठवडाभर रोज मारत रहा, तरी नाही निघाला तर कापायचा आणि नवीन घालायचा, दुसरा उपाय नाही.

हे झालं की अलाइनमेंट. कमी पैशात गाडी सगळ्यात जास्त बदलते ती इथे. पुढे कॅम्बर उणे अडीच अंशाच्या आसपास, मागे उणे दोन, पुढचा टो शून्य, मागे अगदी थोडा आत, आणि कॅस्टर (बाजूने बघताना स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) जेवढा मिळेल तेवढा, पण दोन्ही बाजूंना सारखा. कंपनीच्या उंचीवर पुढे एवढा कॅम्बर बहुतेक निघणार नाही, मग जेवढा निघेल तेवढा घ्या आणि मागचा त्याहून थोडा कमी ठेवा. खालचे लांब बॉल जॉइंट मिळतात, त्यांनी पुढे अजून कॅम्बर मिळतो. अलाइनमेंट करताना ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाएवढं काहीतरी ठेवायला सांगा, एक टनाच्या आतबाहेर असलेल्या गाडीत माणसाचं वजन आकडे हलवतं.

आता तुमची मूळ तक्रार, पुढून सरकणं. बरेच जण म्हणतील स्प्रिंग मऊ आहे. अर्धंच खरं आहे. एनएमध्ये शॉकअबला दबायला जागाच कमी असते, गाडी कलली की बाहेरच्या बाजूचा शॉकअब बंप स्टॉपवर, म्हणजे दबण्याच्या शेवटी असलेल्या टेकूवर, जाऊन टेकतो आणि त्या क्षणी तिथली स्प्रिंग एकदम कितीतरी पट कडक झाल्यासारखी होते, सगळा भार त्या एका टायरवर येतो आणि तो पकड सोडतो. खात्री करायची असेल तर शॉकअबच्या दांड्यावर एक झिप टाय घट्ट बांधा, सेशन संपल्यावर तो कुठपर्यंत सरकलाय बघा. बंप स्टॉपला जाऊन भिडला असेल तर कारण सापडलं. म्हणूनच मी म्हणतो गाडी दिसायला छान म्हणून जमिनीला टेकवू नका!! चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत पुढे साधारण १३ इंच आणि मागे पाव इंच जास्त, ह्याच्या फार खाली गेलात तर दबायची जागाही जाते आणि आर्मचे कोन बिघडून गाडी उलट जास्त लोळायला बघते. पुढच्या पिढीचे, म्हणजे एनबीचे, शॉकअबचे वरचे माउंट एनएला बसवता येतात, त्यांनी जागा वाढते, सोबत चांगल्या फोमचे बंप स्टॉप घाला.

स्प्रिंगचं म्हणाल तर स्पेक मियाटा रेसिंगमध्ये, म्हणजे सगळ्या मियाटा सारख्याच नियमांनी बांधलेल्या असतात त्या शर्यतींत, पुढे ७०० आणि मागे ३२५ पाउंड प्रति इंच वापरतात. ते आकडे बघून दचकू नका, शॉकअब चाकापासून आत बसलेला असतो म्हणून चाकापाशी त्याच्या निम्म्याच्या आसपासच कडकपणा पोचतो. पण तुम्ही त्याच गाडीने घरी जाणार, तर पुढे ४५० ते ५५० आणि मागे ३०० ते ३५० पुष्कळ झालं. त्या स्प्रिंगला सांभाळणारा शॉकअब मात्र हवा, नाहीतर स्प्रिंग दबून परत उसळताना तिला आवरायला कोणी नसतं आणि गाडी प्रत्येक उंचवट्यावर नाचते. स्वस्तातले कॉइलओव्हर इथेच मार खातात. त्यापेक्षा कोनी किंवा बिल्स्टीनचे साधे शॉकअब आणि माफक स्प्रिंग कधीही बरे. आणि पुढचा जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं कमी करणारी दांडी), हो, पुढून सरकणाऱ्या गाडीलासुद्धा, कारण कलणं कमी झालं की पुढच्या टायरचा कॅम्बर टिकतो, शिवाय मागचं आतलं चाक जमिनीवर राहतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. टायरचं प्रेशर सेशन संपल्या संपल्या गरम असतानाच मोजा, मी ३० ते ३२ पीएसआयवर ठेवतो. व्हील नट टॉर्क रेंचनेच, ६५ ते ८७ फूट-पाउंड. आणि गाडी उघड्या टपाची आहे, तर पहिला पैसा रोल बारवर (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी कमान), कॉइलओव्हरच्याही आधी, बऱ्याच ठिकाणी त्याशिवाय ट्रॅकवर सोडतही नाहीत.

टायर कुठले आहेत आणि डिफ (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल) टॉर्सन, म्हणजे घसरणाऱ्या चाकावर ताकद वाया जाऊ न देणारा, आहे की साधा हे कळवा, मग स्प्रिंग आणि बारचं जास्त नेमकं सांगता येईल.