एवढी वर्षं सरकारी कामात घातली, चुकलं का माझं?

करिअरबद्दल बोलायला माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीच्या आसपासच्या लोकांचा हा प्रश्न ठरलेला असतो. बरोबरचे कुठल्या कुठे गेले, मी मात्र तिथेच, माझं चुकलं का. त्यातलीच एक केस सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

त्या सरकारी आरोग्य खात्यात टेक्नॉलॉजी विभागाच्या प्रमुख, वय 49, नोकरीला 22 वर्षं झालेली. शिवाय दीर्घ आजार असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांचा एक आधारगट आहे, त्याच्या अध्यक्ष. एका खासगी कंपनीची ऑफर आली होती, पगार दुपटीच्या वर, आणि पंधरा दिवस धड झोप नव्हती. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मॅडम, मी नेमकं काय काम केलं हे मला घरच्यांना पण सांगता येत नाही, दाखवण्यासारखं काही नाहीच."

मी म्हटलं, मला सांगा, मला यातलं काहीच कळत नाही असं धरून सांगा. मग त्या एकाच पेशंटच्या दोन नोंदी कशा तयार होतात यावर अर्धा तास बोलल्या. नावाचं स्पेलिंग वेगळं पडतं, जन्मतारीख अंदाजे टाकलेली असते, आडनाव बदललेलं असतं, त्या दोन नोंदी जोडल्या गेल्या नाहीत तर डॉक्टरला जुनी माहिती दिसत नाही, पण चुकून दोन वेगळ्या माणसांच्या नोंदी एकत्र झाल्या तर एकाची अॅलर्जी दुसऱ्याच्या फाइलमध्ये जाते आणि ते जिवावर बेतू शकतं, म्हणून जिथे शंका आहे तिथे सॉफ्टवेअरने परस्पर ठरवायचं नाही, माणसाने बघायचं, हा नियम त्यांनी सगळ्यांचा विरोध झेलून लावून धरला होता. हे सांगताना बाईंचा आवाज पार बदलला. मला तेव्हाच वाटलं की कामावरचं मन उडालेला माणूस असा बोलत नाही.

बर्नआउट आहे का हे बघणं गरजेचंच होतं. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीत, बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाहीये, कामाशी जोडलेली स्थिती म्हणून आहे, आणि त्यात तीन गोष्टी धरल्यात: प्रचंड थकवा, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. थकवा होता, तिसरी गोष्ट तर भरपूर होती, मधली मात्र कुठे दिसेना. झोपेसाठी मी त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगितलं आणि घरी दोन आठवड्यांची डायरी लिहायला दिली, कुठला वेळ कुठे गेला एवढंच लिहायचं.

डायरीत आधारगटाचे आठवड्याला जवळजवळ वीस तास निघाले. ऑफिसनंतर रोज फोन, मीटिंगा, कुणाची फाइल अडकली ते बघ. मी सहज विचारलं, अध्यक्षपद कधी घेतलं? तीन वर्षांपूर्वी. त्याच्या आधी काय चाललं होतं? खूप वेळ गप्प बसल्या. त्याच्या महिनाभर आधी त्यांचा अडीच वर्षं चाललेला मोठा प्रोजेक्ट बंद झाला होता, वरचे लोक बदलले आणि चार ओळींचा ईमेल आला. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या ऑफिसला गेल्या, कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यानंतर जिथे लोक समोर येऊन "तुमच्यामुळे झालं" म्हणतात तिथे जास्त रमायला लागल्या. ऑफर आली तेव्हा ही न बोललेली गोष्ट वर आली, असं माझं मत. त्या रडल्या त्या दिवशी, आणि ते व्हायला हवंच होतं.

या क्षेत्रात प्रोजेक्ट बंद पडणं नवीन नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. ब्रिटनमध्ये एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायचा नॅशनल प्रोग्रॅम फॉर आयटी 2002 मध्ये सुरू झाला, अब्जावधी पाउंड गेले आणि 2011 मध्ये तो मोडीत काढायचं जाहीर झालं. मी विचारलं, मग त्यातलं सगळंच गेलं का? त्यांनीच सांगितलं की नाही, हॉस्पिटलांना जोडणारी स्पाइन नावाची यंत्रणा राहिली, एक्स-रे डिजिटल साठवायची सोय राहिली. मग म्हटलं हाच हिशोब तुमच्या प्रोजेक्टचा करू. त्यांनी कागदावर लिहायला घेतलं. सगळ्या आरोग्य केंद्रांची एकच कोड-यादी त्या प्रोजेक्टसाठी बनवली होती, ती आज बाकीच्या तीन सिस्टिम वापरतात. हाताखालचे दोघं आता दुसरीकडे टीम सांभाळतात. यादी छोटीच आहे, पण तीन वर्षांत पहिल्यांदा ती लिहिली गेली.

ज्यांना हाच प्रश्न आहे त्यांना मी हेच करायला सांगते, ऑफरचे फायदे-तोटे लिहायच्या आधी बंद पडलेल्या कामांची यादी करा आणि प्रत्येकासमोर काय उरलंय ते लिहा. काहींसमोर खरंच काही उरलेलं नसतं, तर तसं लिहा, उगाच गोड करू नका.

आधारगटाचं एक वेगळंच लचांड होतं. खात्याला सॉफ्टवेअर देणारी एक कंपनी गटाला देणगी द्यायला तयार होती, आणि बाई पैशांची गरज बघून हो म्हणायच्या बेतात होत्या. इथे मी स्पष्ट बोलले, हेतू चांगला असला तरी दोन्ही खुर्च्यांवर तुम्हीच बसलाय, आधी ऑफिसला लेखी कळवा आणि गटातला हा निर्णय तुमच्याशिवाय होऊ द्या. गटाने देणगी घेतली नाही. त्या निमित्ताने उपाध्यक्ष बाई पुढे आल्या, आता एक आड एक मीटिंग त्याच घेतात.

ऑफर त्यांनी नाकारली नाही, स्वीकारलीही नाही, सहा महिन्यांनी बोलू असं कळवलं, कंपनी थांबेल न थांबेल. मला ते बरोबर वाटलं, कारण झोप आत्ता कुठे परत यायला लागलीय.