कादंबरी-चित्रपटांतले सिरियल किलर खऱ्या सिरियल किलरसारखे असतात का?

आपण विचारले आहे की, कादंबऱ्या, चित्रपट आणि वेब मालिकांत दिसणारे सिरियल किलर प्रत्यक्षातल्या गुन्हेगारांशी कितपत जुळतात, ते खरोखरच इतके बुद्धिमान असतात का, आणि मनातून त्यांना पकडले जावेसे वाटते का. तपासाचे अहवाल आणि न्यायालयीन निकाल वाचण्याची मला जुनी आवड आहे. त्या वाचनावरून माझे मत असे झाले आहे की, खुन्याच्या स्वभावात फरक असतोच, परंतु त्याहून मोठा फरक त्याच्या अवतीभवतीच्या जगात असतो. कथेतला खुनी स्वतःच्या अकलेवर निसटतो. प्रत्यक्षातला खुनी बहुतेक वेळा मोकळा राहतो, कारण ज्यांना त्याने मारले त्यांची कोणी फारशी दखल घेतलेली नसते किंवा तपास करणाऱ्यांनी संशयिताविषयीची एखादी समजूत आधीच पक्की करून ठेवलेली असते.

प्रथम ही पात्रे येतात कुठून ते पाहू. हॅनिबल लेक्टर हा सुसंस्कृत, रसिक, माणसाच्या मनाचा तळ गाठणारा मानसोपचारतज्ज्ञ आता सगळ्यांच्या परिचयाचा आहे. हे पात्र मेक्सिकोतील मॉन्तेरे शहराच्या तुरुंगात भेटलेल्या एका डॉक्टरवरून सुचले, असे त्याच्या लेखकानेच पुढे सांगितले. तो डॉक्टर खुनाची शिक्षा भोगत होता आणि तुरुंगातल्या जखमींवर उपचारही करीत होता. ‘सायको’ या कथेतल्या नॉर्मन बेट्स या पात्रामागे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या प्लेनफील्ड गावचा एड गीन आहे. १९५७ साली त्याला अटक झाली तेव्हा त्याच्या घरात जे सापडले ते भयंकर होते, पण त्यातील बराचसा भाग त्याने थडगी उकरून आणलेल्या प्रेतांचा होता आणि त्याच्याकडून झालेले निश्चित खून दोनच होते. म्हणजे पडद्यावरच्या खूनसत्रांचे हे दोन प्रसिद्ध मूळपुरुष लेखकांच्या नजरेत भरले ते स्वभावाच्या किंवा कृत्याच्या विचित्रपणामुळे, आणि खुनांची लांबलचक मालिका त्यांना लेखणीने जोडून दिली.

खरी खूनसत्रे कशी चालतात हे समजून घ्यायचे असेल तर मी इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील पीटर सटक्लिफच्या प्रकरणाकडे बोट दाखवीन. हा ब्रॅडफर्डचा एक लॉरीचालक होता, विवाहित, दिसायला चारचौघांसारखा. १९७५ ते १९८० या काळात त्याने १३ स्त्रियांचे खून केले. या काळात पोलिसांनी त्याचा जबाब एकदा-दोनदा नव्हे, तर नऊ वेळा घेतला होता.

१९७७ साली मँचेस्टरमध्ये मारल्या गेलेल्या एका स्त्रीच्या पर्समध्ये पाच पौंडांची कोरी नोट सापडली. क्रमांकावरून ती कोणत्या बँकेतून आणि कोणकोणत्या कंपन्यांच्या पगारातून गेली असेल हे तपासले गेले, आणि त्या कंपन्यांच्या हजारो कामगारांत सटक्लिफचे नाव होते. त्याच्या हल्ल्यांतून वाचलेल्या स्त्रियांनी सांगितलेली वर्णने त्याच्या चेहऱ्याशी जुळत होती. १९७९ साली त्याच्या घरी गेलेल्या एका तरुण पोलिसाला त्याचा दाट संशय आला आणि त्याने तसा लेखी अहवालही वरिष्ठांकडे पाठवला, परंतु तो दप्तरी दाखल होऊन तिथेच पडून राहिला. लीड्सच्या तपास कक्षात हाताने लिहिलेल्या कार्डांचा ढीग इतका वाढला होता की, त्या कागदांच्या वजनाने खालची जमीन खचेल की काय अशी चिंता निर्माण झाली होती. एकाच माणसाची वेगवेगळ्या कारणांनी भरलेली कार्डे वेगवेगळ्या कप्प्यांत होती, आणि ती एकत्र ठेवून पाहण्याचे काम कोणाकडूनच झाले नाही.

त्यातच कोणा तिऱ्हाइताने पोलिसांना पत्रे आणि जून १९७९ मध्ये एक ध्वनिफीत पाठवली, जिच्यात तो ‘मीच तो खुनी’ असे सांगून तपास प्रमुखांना डिवचत होता. त्याची बोली संडरलंडकडची होती. तपास प्रमुखांनी ती फीत खरी मानली आणि ज्याची बोली तशी नाही तो संशयितांच्या यादीतून बाद होऊ लागला. सटक्लिफची बोली अर्थातच यॉर्कशायरची होती. या फितीनंतर आणखी तीन स्त्रिया मारल्या गेल्या. ती पाठवणाऱ्याला पुढे पाकिटाच्या डिंकावरील डीएनएमुळे पकडून २००६ साली शिक्षा झाली. मला हा भाग सर्वांत बोलका वाटतो, कारण पोलिसांना भुरळ घालणारा तो आवाज कथेतल्या खुन्याचाच होता. आव्हान देणारा, खेळ मांडणारा, तपास अधिकाऱ्याला नावानिशी हाक मारणारा खुनी त्यांना हवा होता. खरा खुनी मात्र समोरच्या खुर्चीत बसून, विचारलेल्या प्रश्नांना साधी उत्तरे देऊन घरी जात होता.

अखेर २ जानेवारी १९८१ रोजी शेफील्डमध्ये तो पकडला गेला. गस्तीवरच्या दोन पोलिसांना एका उभ्या गाडीच्या क्रमांकाची पाटी खोटी असल्याचे आढळले. लघवीला जायचे आहे असे सांगून तो जरा बाजूला गेला आणि जवळच्या तेलाच्या टाकीमागे त्याने हातोडा व सुरी टाकून दिली. दुसऱ्या दिवशी त्या दोघांतल्या सार्जंटच्या मनाने घेतले की, तो माणूस तिथे नेमके काय करीत होता हे एकदा पाहावे, म्हणून तो परत गेला आणि हत्यारे मिळाली. एका सामान्य पोलिसाच्या जागरूकतेपुढे त्याआधीचा एवढा अवाढव्य तपास फिका पडला. पुढे सरकारने केलेल्या चौकशीनंतर ब्रिटिश पोलिसांनी मोठ्या तपासांतली माहिती एकत्र जोडणारी संगणक प्रणाली उभारली.

या प्रकरणातली आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. मृत स्त्रियांपैकी अनेक जणी वेश्याव्यवसाय करीत होत्या, आणि पोलीस, वृत्तपत्रे, इतकेच काय सरकारी वकीलही ‘तशा’ स्त्रिया आणि ‘निष्पाप’ स्त्रिया अशी विभागणी उघडपणे करीत होते. २०२० साली सटक्लिफचा मृत्यू झाल्यावर वेस्ट यॉर्कशायर पोलिसांच्या प्रमुखांनी त्या काळच्या भाषेबद्दल मृतांच्या नातेवाइकांची माफी मागितली. अमेरिकेतील गॅरी रिजवेचे उदाहरणही याच जातीचे आहे. सिअॅटल परिसरातल्या ४८ स्त्रियांच्या खुनांची कबुली त्याने २००३ साली दिली. तो ट्रक रंगवण्याचे काम करायचा, त्याची बुद्धी सरासरीहून कमी मानली जाते, आणि तरीही तो इतकी वर्षे मोकळा राहिला, कारण घरातून पळालेल्या मुली आणि रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया दिसेनाशा झाल्या तर त्यांची चौकशी करायला लगेच कोणी येत नसे.

आपल्या मुंबईतही हेच घडले आहे. रामन राघव हे नाव घेतले की मागच्या पिढीतल्या मुंबईकरांच्या अंगावर आजही काटा येतो. १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये तो रात्री पदपथावर किंवा झोपड्यांत झोपलेल्या माणसांच्या डोक्यात जड लोखंडी वस्तू घालत असे. पहिल्या हल्ल्यांच्या वेळी तो त्या भागात भटकताना पोलिसांच्या हाती लागलाही होता, पण पुराव्याअभावी त्याला सोडावे लागले. १९६८ मध्ये तपास रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला आणि २७ ऑगस्टला अॅलेक्स फियाल्हो या उपनिरीक्षकाने वर्णनावरून त्याला हेरून ताब्यात घेतले. त्याच्याजवळ त्या वेळी मिळालेल्या वस्तू पाहा: चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची भुकटी आणि आकडेमोड केलेले दोन कागद. अंगात बुशशर्ट आणि खाकी अर्धी चड्डी होती व कपड्यांवर रक्ताचे डाग होते. कोणत्याही पटकथालेखकाने खुन्याच्या खिशात लसूण आणि चहा घातला नसता. चौकशीत तो बराच काळ गप्प राहिला आणि पोटभर कोंबडी खायला मिळाल्यावर बोलू लागला.

सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने मानसोपचारतज्ज्ञांच्या समितीकडून त्याची तपासणी करवली, त्याला जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार असल्याचे निष्पन्न झाले आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मेला. येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. चित्रपटांनी मानसिक आजार आणि खून यांची जी सांगड घातली आहे, ती अन्यायकारक आहे. रामन राघव हा अपवाद होता. बहुतेक सिरियल किलर कायद्याच्या दृष्टीने वेडे ठरत नाहीत, आणि स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा न करता आजाराशी झुंजत जगत असतात.

हेतूच्या बाबतीतही कथा प्रत्यक्षापासून दूर जाते. कथेतल्या खुन्याच्या कृत्यामागे बालपणीची जखम, एखादे कर्मकांड किंवा समाजाला धडा शिकवण्याची ईर्ष्या दाखवली जाते. कोल्हापूरच्या अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांचा गुन्हा या साच्यात बसवून दाखवावा. १९९० ते १९९६ या काळात त्यांनी लहान मुले पळवली, ती पाकीटमारीत आडोसा म्हणून वापरता यावीत यासाठी. कडेवर मूल असलेल्या बाईवर गर्दीत कोणी संशय घेत नाही, आणि पकडली गेलीच तर मुलाच्या रडण्याने लोक हेलावतात, एवढाच हिशेब होता. मूल अडचणीचे झाले की ते मारले जाई. अंजनाबाई खटल्याआधीच कोठडीत मेली, दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कायम केली आणि दयेच्या अर्जावरील दीर्घ विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली ती जन्मठेपेत बदलली. एवढ्या क्षुल्लक फायद्यासाठी एवढे क्रौर्य होऊ शकते हे मनाला पटत नाही, म्हणूनच बहुधा कथा अधिक मोठे कारण शोधत राहते.

आता हुशारीविषयी. लेक्टरसारखा डॉक्टर कथेत आहे, तसा प्रत्यक्षातही एक डॉक्टर होता, हॅरल्ड शिपमन. मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा हा लोकप्रिय फॅमिली डॉक्टर मुख्यतः वृद्ध स्त्रियांना डायमॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाचे इंजेक्शन देऊन मारत असे आणि मृत्यूचा दाखला स्वतःच लिहीत असे. २००० साली १५ खुनांबद्दल त्याला शिक्षा झाली आणि नंतरच्या चौकशीने २१५ बळी निश्चित केले. त्याच्या कृत्यात कसलेही कौशल्य नव्हते, केवळ डॉक्टरवरचा विश्वास होता. गावातल्या एका टॅक्सीचालकाने आपल्या ओळखीच्या, या डॉक्टरकडे जाणाऱ्या आणि अचानक मेलेल्या स्त्रियांची यादी ठेवली होती. शेजारच्या दवाखान्यातील एका डॉक्टरबाईंनी मार्च १९९८ मध्ये अधिकाऱ्यांना सावधही केले होते, पण पोलिसांनी तपास वरवर करून बंद केला आणि त्यानंतर आणखी तिघी मेल्या. शेवटी एका वृद्धेची संपत्ती आपल्या नावे करणारे बनावट मृत्युपत्र त्याने स्वतःच्याच टंकलेखन यंत्रावर, तेही गबाळेपणाने तयार केले आणि तिच्या वकील मुलीने ते क्षणात ओळखले.

कथेशी जुळणारे गुन्हेगार मुळीच नसतात असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील सिरियल किलर टेड बंडीला मोहक बोलता येत होते. कॅन्ससमधल्या विचिटा शहराचा डेनिस रेडर तर पोलिसांना आणि वृत्तपत्रांना पत्रे लिहून स्वतःचे टोपणनावही स्वतःच सुचवीत असे. १९७४ ते १९९१ या काळात त्याने १० खून केले, आणि एरवी तो गावचा नियम-तपासनीस व चर्चच्या समितीचा अध्यक्ष होता. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच प्रकरणात आहे. २००५ साली त्याने पोलिसांना पत्रातून विचारले की, फ्लॉपीवरून मजकूर पाठवला तर पाठवणाऱ्याचा माग काढता येतो का, आणि खरे उत्तर वृत्तपत्रातील जाहिरातीतून द्यावे. पोलिसांनी ‘काही हरकत नाही’ अशा अर्थाची जाहिरात दिली आणि त्याने फ्लॉपी पाठवली. तिच्यात पुसलेल्या फाइलच्या खुणा होत्या, त्यांत चर्चचे नाव आणि ‘डेनिस’ हे नाव होते. काही दिवसांतच त्याला अटक झाली. पकडले जाण्याची सुप्त इच्छा असलेल्या माणसाला त्या क्षणी सुटल्यासारखे वाटायला हवे होते. रेडरने मात्र तपास प्रमुखाला, तुम्ही माझ्याशी खोटे का बोललात, असे विचारले आणि त्यावर, तुला पकडायचे होते म्हणून, असे उत्तर त्याला मिळाले.