बोरघाटाचा डोंगर करताना

मॉडेल रेल्वेसाठी बोरघाटाचा देखावा करायचा ठरवलाय, छान! रंगाआधी दगडाकडे बघा. सह्याद्रीचा बेसॉल्ट आडव्या थरांत आहे: उभा कडा, मग गवताची उतरती पट्टी, पुन्हा कडा. तिरक्या थरांचे तयार साचे इथे शोभत नाहीत. थर्माकोलचे तुकडे एकावर एक फेव्हिकॉलने चिकटवा (सॉल्व्हंटवाला गोंद थर्माकोल विरघळवतो) आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर द्या. तो ओलसर असतानाच जुन्या सुरीने आडव्या फटी आणि मधूनमधून उभ्या भेगा पाडा. सगळा जीव या कामात आहे, इथे घाई नको.

एचओ स्केल (मॉडेल रेल्वेचं एक माप) १:८७, म्हणजे खरा १० मीटरचा कडा मॉडेलमध्ये साधारण ११.५ सेंटिमीटर.

गर्द काळा रंग फासू नका. करड्या-तपकिरी रंगाचं पातळ पाणी दोन-तीनदा फिरवा, फटींत तो आपोआप साचतो. ऋतू एकच धरा, श्रावण किंवा एप्रिल, आणि गवतासाठी लाकडाचा भुसा त्याप्रमाणे रंगवा.

घाटातल्या रेल्वेचा मूळ चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. तोच ठेवणार असाल तर डोंगर झाकण्याआधी पूर्ण गाडी चढवून बघा. बोगद्यामागे हात जाईल एवढी मोकळी जागाही ठेवा, डबा आत घसरला तर काढता आला पाहिजे.