‘छळ’, ‘हत्याकांड’ आणि ‘वंशसंहार’: नाझी काळाविषयी लिहिताना

एका वाचकाने विचारले आहे की, ‘नाझींनी १९३३ ते १९४५ या काळात ज्यूंचा वंशसंहार केला’ हे वाक्य बिनचूक आहे का, आणि ‘वंशसंहार’ऐवजी ‘नरसंहार’ किंवा ‘शिरकाण’ म्हटले तर बिघडते का.

वाक्यातला शब्द योग्य आहे, काळ मात्र जुळत नाही. १९३३ मध्ये सुरू झाला तो छळ. त्याला वंशसंहाराचे रूप १९४१ मध्ये आले. १ एप्रिल १९३३ रोजी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार घालण्यात आला आणि आठवड्याभरातच त्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा झाला. १९३५ च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी त्यांचे नागरी हक्क हिरावून घेतले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री प्रार्थनामंदिरे जाळली गेली, माणसे मारली गेली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले. तरीही तोवर राजवटीचा रोख ज्यूंना लुबाडून देशाबाहेर घालवण्यावर होता, म्हणून या वर्षांसाठी ‘छळ’ आणि ‘हक्कहरण’ हेच शब्द नेमके ठरतात. त्यांनी गुन्ह्याचे गांभीर्य कमी होत नाही.

जून १९४१ मध्ये सोव्हिएत संघावर आक्रमण झाल्यावर सैन्यामागून गेलेल्या मारेकरी पथकांनी आधी प्रामुख्याने पुरुषांना, आणि त्याच उन्हाळ्यात बायकामुलांनाही गोळ्या घालायला सुरुवात केली. माझ्या मते शब्द बदलायला हवा तो इथे, कारण तान्ह्या मुलालाही ठार मारणे म्हणजे त्या समाजाचे पुढे काहीच उरू न देणे. कीवमध्ये लावलेल्या हुकमात ज्यूंना २९ सप्टेंबरच्या सकाळी आठ वाजता कागदपत्रे, पैसे आणि गरम कपडे घेऊन हजर राहण्यास फर्मावले होते. आपल्याला दुसरीकडे नेणार, अशा समजुतीने आलेल्या लोकांना बाबी यारच्या घळीत दोन दिवस गोळ्या घालण्यात आल्या; मारेकऱ्यांच्याच अहवालात ३३,७७१ हा आकडा नोंदलेला आहे. बाबी यार या एका घटनेला ‘हत्याकांड’ म्हणावे आणि ती ज्या मोहिमेचा भाग होती तिला ‘वंशसंहार’. या मोहिमेचा आरंभ २० जानेवारी १९४२ च्या व्हान्झे बैठकीपासून (बर्लिनमध्ये नाझी अधिकाऱ्यांनी ज्यूंच्या संहाराची आखणी केली ती बैठक) मोजणे मला पटत नाही, कारण व्याप्त पोलंडमधील खेल्म्नो या मृत्युछावणीत विषारी वायूने मारणे ८ डिसेंबर १९४१ रोजीच सुरू झाले होते.

‘शिरकाण’ आणि ‘कत्तल’ हे शब्द मारण्याची क्रिया सांगतात, ‘नरसंहार’ तिची व्याप्ती सांगतो. पोलंडमधील ज्यू कायदेपंडित राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये प्रचारात आणलेल्या ‘जेनोसाइड’ या शब्दाचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या कराराचा भर मात्र समूह म्हणून नष्ट करण्याच्या हेतूवर आहे. तो हेतू मराठीत ‘वंशसंहार’च उतरवतो, म्हणून सुमारे ६० लाख ज्यूंच्या हत्येसाठी तोच शब्द वापरावा.

‘स्थलांतर’ आणि ‘पुनर्वसन’ हे शब्द मात्र इथे कटाक्षाने टाळावेत. जुलै ते सप्टेंबर १९४२ मध्ये वॉर्सा घेटोतून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, अडीच लाखांहून अधिक माणसांना रेल्वेने ट्रेब्लिंकाला नेऊन मारण्यात आले, आणि जर्मन अधिकारी त्याला ‘पूर्वेकडील पुनर्वसन’ म्हणत होते. हा शब्द अवतरणचिन्हांशिवाय मराठीत आणला, तर मारेकऱ्यांची थाप आपल्या तोंडून सांगितल्यासारखे होते. अशा ठिकाणी ‘मृत्युछावणीत रवानगी’ असे सरळ लिहावे.