बांधकाम सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेस नेमका काय करतो? एक्सेल पुरत नाही का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: गुहागर परिसरात बंगल्यांची कामं करणारं तीन-चार जणांचं ऑफिस. नकाशे रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये, बीम-कॉलमचं डिझाइन ईटॅब्समध्ये, अंदाजपत्रक आणि बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता) एक्सेलमध्ये. मग डेटाबेस वेगळा कशाला हवा?

डेटाबेस तुम्ही आधीपासून वापरताच आहात. रेव्हिटची फाइल म्हणजे चित्र नव्हे, नोंदींची कोठी. प्लॅन, सेक्शन आणि दरवाजांचं शेड्यूल ही त्याच नोंदींकडे बघायच्या खिडक्या. म्हणून शेड्यूलमधली ओळ डिलीट केली की भिंतीतला दरवाजाही जातो, आणि नवख्याची तारांबळ उडते.

दुखणं सुरू होतं ते एका सॉफ्टवेअरमधला आकडा दुसऱ्यात हातानं टाइप होतो तिथे. एकच बीम घ्या, 230 × 450 मिमी, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, धरलं 30. सळयांभोवतीच्या रिंगचं बाहेरचं माप 170 × 390, घेर 1120 मिमी, हुक वेगळे. नंतर कुणाच्या तरी लक्षात येतं की प्लॉट किनाऱ्यालगत उघड्यावर आहे. काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे, म्हणजे आयएस 456 (2000) प्रमाणे, हे ‘सिव्हिअर’ एक्स्पोजर (हवा-पाण्याचा मारा): कव्हर 45, काँक्रीटची ग्रेड किमान एम30, सिमेंट घनमीटरला किमान 320 किलो, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त 0.45. आता रिंग 140 × 360, घेर 1000. प्रत्येक रिंग 120 मिमीनं आखूड. नकाशावर 45 लिहिलं गेलं, पण एक्सेलमधलं 30 तसंच राहिलं, तर बारबेंडर जुन्याच मापाच्या रिंगा वाकवून ठेवणार. 170 ची रिंग आणि दोन्ही बाजूंना 45 चे कव्हर ब्लॉक मिळून होतात 260, शटरिंग 230 चं. ब्लॉक बसत नाहीत, ते काढून टाकले जातात, आणि खाऱ्या हवेत सळई पुन्हा पृष्ठभागाजवळ. शिवाय कव्हर 45 धरलं की इफेक्टिव्ह डेप्थ (बीमची भार घ्यायला उपयोगी पडणारी खोली) 15 मिमीनं घटते, तेव्हा ईटॅब्स पुन्हा चालवणं आलंच.

यावर उपाय असा की कव्हर कुठेही टाइप करायचं नाही. मेंबरच्या (बीम, कॉलम) नोंदीत फक्त एक्स्पोजर लिहायचं. कव्हर, ग्रेड, सिमेंट हे कोडच्या टेबलातून उचलले जातील आणि रिंगचं माप त्यातून निघेल. लाटांचे तुषार थेट येत असतील तर ‘व्हेरी सिव्हिअर’ निवडा, 50, एम35 आणि 340 आपोआप येतील. कोडच्या टेबलात आवृत्तीचं वर्ष वेगळ्या रकान्यात ठेवा.

दुसरा सापळा एककांचा. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. गिलाव्याचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट, 9.29 चौरस मीटर. रकान्यात नुसतं ‘ब्रास’ लिहिलंत तर संगणक दोन्हींची बेरीज बिनदिक्कत करून देईल. दोन वेगळे संकेत ठेवा आणि आत सगळं मेट्रिकमध्येच साठवा.

चिऱ्याचं तर याहून नाजूक, कारण खाण बदलली की माप बदलतं. समजा सांध्यासकट चिरा 350 × 225 × 175 मिमी पडतो. 40 घनमीटर बांधकामाला सुमारे 2,900 नग लागतील. दुसऱ्या खाणीचा 340 × 215 × 170 पडला तर सुमारे 3,220. ‘घनमीटरला इतके नग’ हा आकडा साठवू नका. चिऱ्याची मापं खाणीनुसार साठवा, नग मोजून काढा. तूटफूट वेगळ्या रकान्यात.

दर पुसून नवा दर लिहायचा नाही. प्रत्येक दराला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ तारीख द्या, नाहीतर नवी दरसूची भरली की मागच्या वर्षी ग्राहकाला दिलेलं अंदाजपत्रकही गुपचूप बदलतं. मोजमापाचंही तेच. कागदी मोजमाप पुस्तिकेत खाडाखोड न करता रेघ मारून सही करतात, तशी इथे जुनी नोंद ठेवून दुरुस्तीची नवी नोंद घाला.

ओळख क्रमांकाकडे लोक दुर्लक्ष करतात. ‘सी7’ हा कॉलमचा नंबर माणसांसाठी. नकाशाचं पुन्हा नंबरिंग झालं की तो सी9 होतो. जोडणीसाठी रेव्हिटचा युनिक आयडी किंवा आयएफसीचा (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल नेण्याचा सामाईक फॉरमॅट) 22 अक्षरांचा ग्लोबल आयडी वापरा. कॉलम पुसून पुन्हा काढला तर आयडी नवा मिळतो आणि साइटवरच्या नोंदी पोरक्या होतात, म्हणून असलेलाच एडिट करा. साइटवर रेंज नसेल तिथे नोंदी फोनमध्ये साठून नंतर सिंक होतात. तिथे 1, 2, 3 असे क्रमांक नकोत. दोन फोन दोन वेगळ्या नोंदींना 57 च देतील. यूयूआयडी घ्या, म्हणजे प्रत्येक फोननं स्वतः बनवला तरी सहसा जुळणार नाही असा लांबलचक आयडी.

तेव्हा हो, वेगळा ठेवा, पण छोटा: प्रकल्प, मेंबर, साहित्य, दर, मोजमाप, आणि सोबत कोडचं टेबल. एकट्याला एसक्यूलाइट (एकाच फाइलमधला डेटाबेस) पुरतं. तीन-चार जण एकाच वेळी लिहिणार असतील तर ऑफिसातल्या एका पीसीवर पोस्टग्रेस हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस. शेअर्ड फोल्डरमध्ये अ‍ॅक्सेस किंवा एसक्यूलाइटची फाइल ठेवून सगळ्यांनी उघडणं मात्र टाळाच. पावसात वीज गेली, राउटर बंद पडला आणि लिहिणं अर्धवट राहिलं की फाइल बिघडू शकते. एक्सेल सोडायची गरज नाही, ते ओडीबीसीनं (डेटाबेसशी जोडायची सोय) जोडून बघायला आणि छापायला वापरा.

बॅकअप रोज रात्री पीजी-डंपनं (पोस्टग्रेसची बॅकअपची कमांड) घ्या आणि एक प्रत गावाबाहेर ठेवा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा वेळी तळमजल्यावरचा पीसी आणि त्याच टेबलावरची बॅकअपची हार्ड डिस्क एकदमच जातात. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून एक जुनं अंदाजपत्रक उघडा आणि एकूण रक्कम छापील प्रतीशी जुळते का ते बघा.