लोक इतके वैतागतात, तरी अंगावर येणाऱ्या ऑनलाइन जाहिराती बंद का होत नाहीत?

कारण आपल्या वैतागाचा खर्च जाहिरातदाराला सोसावा लागत नाही. साइटला पैसे मिळतात जाहिरात किती वेळा दिसली किंवा किती क्लिक झाले यावर. जाहिरात बंद करायची बारीकशी फुली हुकून बोट चुकून जाहिरातीवर पडलं, तरी बहुतेकदा तो क्लिकच धरला जातो! पॉप-अपचा, म्हणजे आपोआप वेगळ्या खिडकीत उघडणाऱ्या जाहिरातीचा, कोड नव्वदच्या दशकात ईथन झुकरमन यांनी ट्रायपॉड या कंपनीत लिहिला आणि २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. पण उत्पन्नाची पद्धत तीच राहिली. मराठी बातम्यांसाठी पैसे मोजणारे वाचक थोडे, म्हणून चांगली बातमीसुद्धा जाहिरातींत गुदमरते, याचं मला फार वाईट वाटतं. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका, आणि जी साइट रोज वाचता तिची वर्गणी जरूर भरा.